बारावीनंतर फॅशनचे क्षेत्र : नोकऱ्या नेमक्या कोठे आहेत?

डोंबिवलीच्या एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी मराठी माध्यमातून शिकून यंदा वाणिज्य शाखेतून बारावी झाली, तिला ७१ टक्के गुण आहेत आणि तिला फॅशन डिझायनर व्हायचे आहे. पश्चिम उपनगरातील एका खासगी संस्थेने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क ११ लाख रुपये सांगितले आहे. भविष्यनिर्वाह निधीतून काढून एवढी रक्कम भरावी का, मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला या क्षेत्रात खरोखर नोकरी मिळते का, की हे केवळ ओळखीपाळखीवाल्यांचे काम आहे, असे त्यांनी विचारले आहे.

नोकरी मिळते. मात्र ज्या नावाची नोकरी आपल्या मुलीच्या डोळ्यांसमोर आहे ती पहिली काही वर्षे बहुधा मिळत नाही, आणि त्या नावाच्या आजूबाजूला अनेक कामे अशी आहेत की त्यांना चांगली माणसे कधीच पुरत नाहीत. ११ लाखांविषयीचे माझे मत पुढे देते, कारण कामाचे स्वरूप कळल्याशिवाय ते पटणार नाही.

मी सत्तावीस वर्षे मुंबईच्या तयार कपड्यांच्या धंद्यात आहे. सुरुवात अंधेरीच्या एका निर्यातदाराकडे ऑर्डरी सांभाळणाऱ्या मर्चंडायझरच्या हाताखाली झाली, पुढे रीतसर पॅटर्न, म्हणजे कपड्याच्या तुकड्यांचे कागदी साचे काढणे, शिकले, आणि आता लोअर परळच्या एका गाळ्यात पॅटर्न व सॅम्पल करून देणारे माझे छोटे युनिट आहे. दोन मास्टर, सहा कारागीर, एक संगणक आणि मी, असा आमचा संसार आहे. याच भागातल्या गिरण्यांमधून १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर मुंबईचे कापड विणणे हळूहळू थांबले, हे आपल्याला सांगायला नको. परंतु कापड विणणे गेले तरी कापडाविषयी निर्णय घेणे मुंबईत राहिले. टी-शर्टचा मोठा माल तिरुपूरला शिवला जातो, शर्ट-पँटचा बंगळूरुला, गणवेशांचा आपल्या सोलापूरला. मात्र कोणते कापड घ्यायचे, माप काय ठेवायचे, सॅम्पल मंजूर करायचे की परत पाठवायचे, हे ठरवणारी कितीतरी कार्यालये आजही अंधेरी, गोरेगाव आणि लोअर परळला आहेत. वस्त्रोद्योग आयुक्तांचे कार्यालय मरीन लाइन्सला आणि टेक्स्टाइल्स कमिटीचे मुख्यालय प्रभादेवीला असणे, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. त्यामुळे मुंबईत राहून नोकरी शोधणाऱ्या मुलीने हे लक्षात ठेवावे की येथे हजार मशिनांच्या कारखान्यातली कामे कमी आहेत आणि कागदावरच्या चित्रापासून मंजूर झालेल्या पहिल्या सॅम्पलपर्यंतच्या वाटेवरची कामे जास्त आहेत.

ती वाट बरीच लांब असते. डिझायनरचे चित्र एका पानावर मावते. त्यावरून कपडा शिवायचा तर गळा किती खोल, मुंढा म्हणजे बाही बसते तो घेर किती, खांद्याचा उतार किती, बाहीला चुण्या किती, शिवणीसाठी जागा किती सोडायची, अस्तर कोठवर, काज आडवे की उभे, धागा कोणत्या नंबरचा, हे सर्व कोणीतरी ठरवावे लागते. हे सारे लिहिलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला धंद्यात टेक पॅक म्हणतात. नवख्या मुलींना मी पहिल्या आठवड्यात चित्र काढूच देत नाही. त्यांच्यापुढे एक शर्ट आणि एक टेप ठेवते आणि त्याची मेझरमेंट शीट, म्हणजे मापांचा तक्ता, लिहायला सांगते. छातीचे माप मुंढ्याच्या टोकापासून एक इंच खाली घ्यायचे असते. आठपैकी सहा जणी ते मुंढ्याच्या टोकालाच घेतात, आणि माप घेताना शर्ट टेबलावर सपाट न करता थोडा ताणतात. या दोन चुकांनी मापात अर्धा-पाऊण इंच सहज इकडेतिकडे होते. तीन वर्षांचा महागडा अभ्यासक्रम पूर्ण करून, सुंदर रंगवलेला पोर्टफोलिओ घेऊन आलेल्या मुलीही येथे अडखळतात, म्हणून हा तपशील मुद्दाम सांगितला.

या वाटेवरचे सर्वांत भरवशाचे काम, माझ्या मते, पॅटर्न मेकरचे आहे. आपल्याकडे ते ‘मास्टरजी’ या शब्दाखाली झाकले गेल्यामुळे मध्यमवर्गीय घरांना ते शिंपीकाम वाटते. शिंपीकाम ते आहेच, आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही; पण त्यात भूमितीही आहे. अंगाच्या गोलाईवर सपाट कापड बसवण्यासाठी टक्स कोठे द्यावेत, उभ्या धाग्यावर कापलेला घागरा आणि तिरप्या म्हणजे उरेब कापलेला घागरा अंगावर वेगळा का पडतो, एका मापाचा पॅटर्न पाच मापांत वाढवताना गळा किती वाढवावा आणि खांदा किती, हे ज्याला कळते त्याला मुंबईत रिकामे बसावे लागत नाही. माझ्याकडचे एक मास्टर जुन्या पिढीचे आहेत. ते तपकिरी कागदावर पॅटर्न काढतात, मांजरपाटात शिवून डमीवर चढवतात, दोन पावले मागे जाऊन पाहतात आणि खडूने एकच रेघ मारतात. बहुतेक वेळा दुरुस्तीला ती एक रेघ पुरते. त्यांच्या पिढीतली माणसे निवृत्त होत आहेत आणि नव्या मुलांना हे काम शिकण्याचा धीर नाही, त्यामुळे येथे मोठी पोकळी आहे.

हेच काम आता संगणकावरही होते. गर्बर, लेक्ट्रा, टुकाकॅड, ऑप्टिटेक्स ही नावे जाहिरातींत दिसतील. क्लो थ्रीडीमध्ये तर न शिवलेला कपडा पडद्यावर अंगावर चढवून पाहता येतो. संगणकावरच्या या कामातला मार्कर हा भाग पैशांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. कापडाच्या पन्ह्यावर पॅटर्नचे सगळे तुकडे कमीत कमी वाया जाईल असे मांडणे म्हणजे मार्कर, आणि एका नगाला लागणाऱ्या कापडाला धंद्यात ‘ॲव्हरेज’ म्हणतात. समजा एका कुर्त्याचे ॲव्हरेज २.५० मीटर आहे, कापड १४० रुपये मीटर आहे आणि ऑर्डर ३,००० नगांची आहे. तुकडे जरा हुशारीने फिरवून एखाद्या मुलीने ते ॲव्हरेज २.४५ वर आणले, तर १५० मीटर कापड वाचते, म्हणजे एका ऑर्डरवर २१,००० रुपये. तिचा महिन्याचा पगार तिने एका दुपारीत भरून दिलेला असतो. मालकाला हा हिशेब समजतो, म्हणून मंदीच्या काळातही या मुलींना सहसा घरी पाठवले जात नाही.

आपली मुलगी वाणिज्य शाखेची आहे, म्हणून मर्चंडायझरच्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहिते. बायर, म्हणजे माल मागवणारा ग्राहक, आणि कारखाना यांच्यामध्ये उभे राहून दोन्हीकडची बोलणी खाणारी व्यक्ती म्हणजे मर्चंडायझर. ऑर्डर आल्यापासून शिपमेंटपर्यंत लॅब डिप म्हणजे कापडाच्या रंगाचा नमुना कधी मंजूर होणार, कापड कधी येणार, माप पाहण्याचे फिट सॅम्पल कधी, उत्पादनाआधीचे पीपी सॅम्पल कधी, कटिंग कधी सुरू होणार, याचे तारीखवार कॅलेंडर तिच्याकडे असते. त्याबरोबर कॉस्टिंगही तिचेच: वरच्याच कुर्त्यात कापडाचे ३५० रुपये, शिलाई, काज-बटण, लेबल, इस्त्री, पॅकिंग असे सगळे धरून किंमत सांगायची आणि तीत डॉलरचा भाव व बुडालेल्या चार दिवसांची भरपाईही बसवायची. येथे इंग्रजी लागते, पण ते ईमेलपुरते आणि ठरावीक शब्दांचे असते. मराठी माध्यमातल्या मुली सहा महिन्यांत ते शिकतात, हे मी स्वतःवरून सांगते.

याच कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी १,२०० सुती ड्रेसच्या ऑर्डरमध्ये कापड उशिरा आले, आणि दिवस वाचवण्यासाठी मी श्रिंकेज टेस्ट न करताच कटिंगला होकार दिला. ही टेस्ट अगदी साधी असते. कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, ते धुऊन वाळवायचे आणि पुन्हा मोजायचे. ५० चे ४८.५ झाले तर कापड तीन टक्के आटते, आणि तेवढे पॅटर्नमध्ये आधीच वाढवायचे. आमचे ड्रेस शिवून झाल्यावर वॉशिंगला गेले आणि परत आले ते उंचीला दीड इंच आखूड होऊन. बायरने माल नाकारला, तो शेवटी निम्म्या भावात देशी व्यापाऱ्याला गेला. मालकांनी मला काढले नाही, पण पुढचे वर्षभर पगारवाढ दिली नाही, आणि ते योग्यच होते.

क्वालिटीचे काम मी थोडक्यात सांगते. २,००० नगांच्या मालातून नेहमीच्या पद्धतीने १२५ नग काढून तपासतात, एक्यूएल, म्हणजे चालवून घेण्याच्या दोषांची मर्यादा, २.५ धरली असेल तर सात सदोष नगांपर्यंत माल पास होतो, आठवा सापडला की नापास. काटेकोर नजर आणि ‘नाही’ म्हणण्याची तयारी असलेल्यांसाठी हे काम आहे. फिरती भरपूर असते. त्याच्याशेजारीच कंप्लायन्स, म्हणजे कारखाना नियम पाळतो का हे तपासण्याचे, क्षेत्र आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा इमारत कोसळून १,१०० हून अधिक कामगार मरण पावले, आणि त्यानंतर परदेशी बायर कारखान्यांतले जिने, वायरिंग, कामाचे तास आणि पगारपत्रके अधिक कसून तपासू लागले. कामगार कायदा शिकलेल्या किंवा समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुलींनाही हे दार उघडे आहे.

मुंबईचे म्हणून जे खास आहे, ते भरतकाम. ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर डिऑर या फ्रेंच घराण्याचा शो झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी पाहुण्यांची छायाचित्रे छापली. पण त्या कपड्यांवरचे भरतकाम मुंबईतल्याच चाणक्य इंटरनॅशनलच्या कारागिरांचे होते, ही खरी बातमी होती. पॅरिस-मिलानच्या अनेक कपड्यांवरची आरी आणि जरदोजी या शहरातल्या अड्ड्यांवर होते. लाकडी अड्ड्यावर कापड ताणलेले असते, दोन्ही बाजूंना चार-चार कारागीर मांडी घालून बसलेले असतात आणि मधे खाका पसरलेला असतो. खाका म्हणजे ट्रेसिंगच्या कागदावर नक्षी काढून रेघेवर सुईने पाडलेली भोके. त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली पूड बोळ्याने फिरवली की नक्षी कापडावर उतरते. कारागीर प्रामुख्याने उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालमधून आलेले आहेत. मराठी मुलींना येथे काम मिळते ते स्वॉच डेव्हलपमेंटचे: हातभर कापडावर नवनवे नमुने करवून घेणे, कोणत्या नमुन्याला किती तास आणि किती मणी लागले याची नोंद ठेवणे, परदेशी डिझायनरच्या ‘जरा पावसाळी वाटायला हवे’ यासारख्या वाक्याचे टाके आणि टिकल्यांत रूपांतर करणे. चित्रकलेचा हात असेल तर मी या कामाची शिफारस सर्वांत आधी करीन. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांत चांगल्या श्रेणी मिळवलेल्या मुली येथे पटकन रुळतात.

चित्रपट आणि मालिकांच्या वेशभूषेकडे अनेकांचा ओढा असतो. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या भानू अथैया यांनी ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवले, जॉन मोलो यांच्यासह. हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय. त्यांची सुरुवात मासिकांसाठी फॅशनची रेखाचित्रे काढण्यापासून झाली होती. त्या चित्रपटात दक्षिण आफ्रिकेतल्या सुटाबुटापासून पंचापर्यंतचा प्रवास कपड्यांतून दाखवायचा होता, आणि त्यासाठी जुनी छायाचित्रे, विणीचा जाडेपणा, धोतर नेसण्याची पद्धत यांचा अभ्यास लागतो. वेशभूषेचे काम म्हणजे हा अभ्यास. रोजचे काम मात्र याहून पुष्कळ साधे असते. सहायक मुलगी सकाळी गोरेगावच्या चित्रनगरीत सातच्या शिफ्टला हजर होते, ड्रेसदादांबरोबर कपड्यांच्या पेट्या उघडते, काल दृश्य अर्धे राहिले तेव्हा पदर कोणत्या खांद्यावर होता आणि बांगड्या किती होत्या, हे फोनमधल्या छायाचित्रावरून ताडून पाहते, आणि दुपारी कोणीतरी ‘हा रंग चॅनलला नको’ म्हटले की रिक्षा करून दुसरी साडी आणायला धावते. मानधन हाती यायला तीन महिने लागणे नेहमीचे आहे, म्हणून पहिले वर्षभर घरचा आधार असेल तरच या वाटेला जावे. आणखी एक गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. मुंबईच्या चित्रसृष्टीत स्त्रीने केशभूषा करावी, रंगभूषेचे सभासद-कार्ड मात्र पुरुषालाच मिळेल, असा एका संघटनेचा नियम होता; सर्वोच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०१४ मध्ये बेकायदेशीर ठरवला. इतक्या उशिरापर्यंत तो नियम टिकला, यावरून या क्षेत्रात स्त्रियांना काय काय ऐकून घ्यावे लागते याचा अंदाज यावा.

स्टायलिंग, कॅटलॉग शूट, ऑनलाइन विक्रीसाठी मजकूर आणि छायाचित्रे, दुकानाच्या काचेतली मांडणी, ही कामे वाढली आहेत, आणि सुरुवातीची कमाई करून देणारी आहेत. कॅटलॉगच्या स्टुडिओत एका दिवसात कपड्यांचे ढीगच्या ढीग इस्त्री करून, टाचण्या लावून कॅमेऱ्यापुढे उभे करावे लागतात; त्यात झगमगाट काहीच नसतो. मॉडेलिंगविषयी माझा अनुभव नाही, तेव्हा एवढेच सांगते की काम देण्याआधी पोर्टफोलिओसाठी पैसे मागणाऱ्याकडे मुलीला पाठवू नये.

शिक्षणाकडे वळते. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, हिचे मुंबई केंद्र खारघरला आहे. बी. डिझाइन हा चार वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर करता येतो. कपडे उत्पादनाच्या बी. एफ. टेक. ला मात्र बारावीला गणित लागते. बी. डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेत सर्जनशीलता आणि सामान्य क्षमता असे दोन भाग असतात, आणि नंतर दिलेल्या वस्तूंतून प्रतिकृती करून दाखवण्याची एक फेरी होते. अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस भरावे लागतात, त्यामुळे आपल्या मुलीची यंदाची संधी गेली आहे. पण एक वर्ष तयारी करून पुन्हा बसणे मला मुळीच वाया गेल्यासारखे वाटत नाही. या खेरीज जुहूच्या आवारातले एसएनडीटी महिला विद्यापीठाचे अभ्यासक्रम, मरीन लाइन्सचे निर्मला निकेतन, वरळीचे सस्मिरा यांचा विचार करावा. विज्ञान शाखा असती तर माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधले वस्त्र-अभियांत्रिकी मी सुचवले असते. तिकडे मुली कमी वळतात, ही चूक आहे. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची ड्रेस डिझायनिंग आणि गारमेंट मॅन्युफॅक्चरिंगची पदविका आहे, आणि आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग व सुइंग टेक्नॉलॉजी हे एक-एक वर्षाचे व्यवसाय-अभ्यासक्रम आहेत. आयटीआयचे नाव काढले की पालकांचे चेहरे उतरतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. माझ्या युनिटमधली सर्वांत चांगली सॅम्पल करणारी मुलगी आयटीआयची आहे.

आता ११ लाखांविषयी. संस्था वाईटच असेल असे मी म्हणत नाही, कारण मला ती ठाऊक नाही. पण पैसे भरण्यापूर्वी आपण स्वतः जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात. मिळणारी पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे, ते लेखी मागावे. ‘आंतरराष्ट्रीय डिप्लोमा’ या शब्दांनी समाधान मानू नये. पॅटर्नच्या वर्गात जाऊन टेबले आणि मशिने मोजावीत, आणि त्या मशिनांवर धूळ आहे की दोऱ्याचे तुकडे, तेही पाहावे. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुली आज नेमक्या कोठे आणि कोणत्या पदावर आहेत, हे विचारावे. वार्षिक शोची छायाचित्रे दाखवून उत्तर टाळले, तर उठून यावे. आणि पगाराचा हिशेब समोर ठेवावा. माझ्या पाहण्यात मुंबईत नव्या मुलीला या कामांत महिना १५,००० ते २२,००० रुपये मिळतात. निर्यातदाराकडे तीन-चार वर्षे टिकलेली मर्चंडायझर किंवा पॅटर्न जाणणारी मुलगी त्याच्या दुप्पट-अडीचपटीला पोचते. या पगारावर ११ लाखांची गुंतवणूक वसूल व्हायला किती वर्षे लागतील, हे वाणिज्य शाखेच्या मुलीलाच मांडायला सांगावे. निवृत्तीचा पैसा त्यासाठी काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळखीपाळखीचा प्रश्न डिझायनरच्या स्वतःच्या नावाच्या दुकानापुरता खरा आहे, कारण तेथे कलेइतकेच भांडवल लागते. तरीही मुलीने पुढे स्वतःचे काही सुरू करायचे ठरवले, तर दोन कायदे तिने आधीच माहीत करून घ्यावेत. नोंदणीयोग्य नक्षीची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली केली नाही आणि ती नक्षी वापरलेला माल औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा जास्त वेळा निघाला, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी केली असेल तर १० वर्षे संरक्षण मिळते आणि ते आणखी ५ वर्षे वाढवता येते. दुसरे म्हणजे, लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते, आणि सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज आकारता येते. एका मोठ्या दुकानदाराने माझे बिल सात महिने अडवले होते. मी नोटिशीत याच तरतुदीचा उल्लेख केला आणि पैसे तीन आठवड्यांत आले. भूगोलाशी बांधलेल्या वस्तूंची गोष्ट वेगळी आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि गदारोळ झाल्यावर त्यांमागची प्रेरणा मान्य केली. पैठणी आणि कोल्हापुरी यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि अशा वस्तूंचे दस्तऐवजीकरण, त्यांचे मूळ सांगणारा मजकूर आणि कारागिरांशी त्यांच्या भाषेत होणारा व्यवहार यांसाठी मराठी उत्तम येणारी माणसे लागतात. येवल्याच्या विणकराशी मागाजवळ बसून बोलणे आमच्या दक्षिण मुंबईतल्या अनेक डिझायनरांना जमत नाही.

गैरसोयीही सांगायला हव्यात. शिपमेंटच्या आठवड्यात डोंबिवलीची शेवटून दुसरी गाडी पकडावी लागेल. त्याविषयी घरात आधीच बोलून घ्यावे आणि मुलाखतीत उशिरा सोडण्याची व्यवस्था काय, हे विचारण्यात संकोच करू नये. निर्यातीचे काम परदेशातल्या निर्णयांवर हेलकावे खाते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, तेव्हा माझ्या ओळखीच्या दोन युनिटांनी काम थांबवले होते. कारखान्यात प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआय (कामगार विमा) कापले जाते की पगार पाकिटातून दिला जातो, तेही पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

शेवटी, कोणताही अर्ज भरण्यापूर्वी एक काम तिला या सुट्टीत द्यावे. आपला एखादा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट तिला द्यावा. तिने तो ब्लेडने एकेक शिवण उसवून पूर्ण सुटा करावा, सगळे तुकडे इस्त्री करून तपकिरी कागदावर गिरवावेत, दादरच्या हिंदमाताजवळच्या बाजारातून तीन मीटर मांजरपाट आणावे आणि त्या कागदांवरून दुसरा शर्ट शिवावा. घरी मशीन नसेल तर शेजारच्या काकूंकडे बसावे. कॉलर पहिल्यांदा वाकडीच होईल. बाही मुंढ्यात लावताना तिला आढळेल की बाहीच्या डोक्याची गोलाई मुंढ्याच्या घेरापेक्षा थोडी मोठी आहे आणि जास्तीचे कापड चुणी न पडता मुरवावे लागते. त्या ठिकाणी ती वैतागून शर्ट बाजूला ठेवते, की पुन्हा उसवून दुसऱ्यांदा लावायला बसते, एवढे पाहावे आणि मग मला कळवावे. ती दुसऱ्यांदा बसली असेल, तर कॉलेज सुरू होईपर्यंत शनिवारी माझ्या गाळ्यावर तिला पाठवायला हरकत नाही.